कुद्रेमुखची बंद खाण : इतिहास आणि अवशेष



कर्नाटकाच्या चिकमगळूर जिल्ह्यात, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, कुद्रेमुख नावाचा डोंगर आहे. कन्नडमध्ये 'कुदुरे' म्हणजे घोडा. विशिष्ट दिशेने पाहिले असता शिखराचा आकार घोड्याच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून हे नाव. शिखराची उंची सुमारे १,८९० मीटर. पश्चिमेकडून येणारे मोसमी ढग या भिंतीवर आदळतात आणि वर्षाकाठी सहा ते सात हजार मिलिमीटर पाऊस येथे कोसळतो. ज्यांनी आंबोलीचा पाऊस पाहिला आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. माथ्यावर गवताची कुरणे, घळींमध्ये दाट सदाहरित वन, आणि त्या वनातून उगम पावणाऱ्या तीन नद्या : तुंगा, भद्रा आणि नेत्रावती. नेत्रावती पश्चिमेला मंगळुराकडे उतरते. तुंगा आणि भद्रा पूर्वेला वाहत जाऊन शिमोग्याजवळ कूडली येथे एक होतात, आणि ती तुंगभद्रा पुढे कृष्णेस मिळते.

याच डोंगराच्या पोटात लोखंड आहे. १९८० सालापासून २००५ सालाच्या अखेरपर्यंत, म्हणजे पाव शतक, तेथे देशातील एक प्रचंड उघडी खाण चालली. खाण सार्वजनिक क्षेत्राची होती. ती तोट्यात गेली म्हणून बंद पडली नाही. खासगी मालकास विकली गेली म्हणूनही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती बंद झाली. आदेश मागणारे लोक वन्यजीवरक्षक होते, आणि त्यांचा पुरावा भक्कम होता. कामगार चळवळीपुढे असा प्रसंग क्वचित उभा राहतो. मालक सरकार आहे, कामगार संघटित आहे, उत्पादन चालू आहे, आणि तरीही खाण बंद करण्याची मागणी अन्याय्य म्हणून झटकून टाकता येत नाही. म्हणूनच या खाणीचा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे.

१९१३ साली म्हैसूर संस्थानाच्या भूगर्भ खात्यातील संपत अय्यंगार यांनी या भागातील लोहखनिजाची नोंद केली. नोंद झाली आणि पन्नास वर्षे तशीच पडून राहिली. याचे कारण खनिजाच्या प्रतीत आहे. बळ्ळारी किंवा बैलाडिला येथील खनिज हेमॅटाइट जातीचे असते. त्यात लोखंडाचे प्रमाण साठ टक्क्यांवर जाते आणि ते फोडून जवळजवळ तसेच भट्टीत घालता येते. कुद्रेमुखचे खनिज मॅग्नेटाइट. त्यात लोखंड अवघे अडतीस टक्क्यांच्या आसपास, बाकी गारगोटी. असे खनिज भट्टीत घालणे म्हणजे कोळसा जाळून दगड वितळवणे. परंतु मॅग्नेटाइटचा एक गुण असा की ते चुंबकाला चिकटते. खडक पिठासारखा बारीक दळला तर चुंबकाच्या साहाय्याने लोखंडाचे कण वेगळे काढता येतात आणि सदुसष्ट टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेली भुकटी मिळते. मात्र त्यासाठी प्रचंड चक्क्या हव्यात, वीज हवी, पाणी हवे, आणि उरलेला चोथा टाकण्यासाठी जागा हवी. पाणी डोंगरावर मुबलक होते. भांडवल नव्हते.

१९६० नंतरच्या दशकात राष्ट्रीय खनिज विकास महामंडळाने या साठ्याकडे लक्ष वळवले. १९६९ साली सुमारे ४,६०० हेक्टरांचा खाणपट्टा तीस वर्षांच्या मुदतीने मंजूर झाला. जपानी आणि अमेरिकी कंपन्यांशी बोलणी झाली, ती फळास आली नाहीत. त्यानंतर १९७३ सालच्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या आणि चित्र पालटले. तेल आयात करणाऱ्या भारताची परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली, आणि इराणच्या शहाच्या तिजोरीत डॉलर मावेनासे झाले. शहाला आपल्या राजवटीची झळाळी दाखवण्यासाठी पोलाद कारखाने हवे होते. इराणात नैसर्गिक वायू अमाप. वायूच्या साहाय्याने लोखंड तयार करण्याच्या पद्धतीला अगदी समृद्ध खनिज लागते. कुद्रेमुखची भुकटी या गरजेला चपखल बसली.

नोव्हेंबर १९७५ मध्ये दोन्ही सरकारांमध्ये करार झाला. इराणने ६३ कोटी डॉलरचे कर्ज द्यायचे; भारताने खाण, कारखाना, नळवाहिनी आणि बंदरातील धक्का उभारून २१ वर्षांत १५ कोटी टन समृद्ध खनिज इराणला पाठवायचे. वर्षाला ७५ लाख टन. एप्रिल १९७६ मध्ये 'कुद्रेमुख आयर्न ओर कंपनी' स्थापन झाली आणि ऑगस्ट १९८० ही पूर्ततेची तारीख ठरली. या तारखांकडे बारकाईने पाहावे. करार झाला तेव्हा देशात आणीबाणी होती. ज्या डोंगरावर हे सर्व घडणार होते तेथील रहिवाशांना विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. संसदेतही प्रश्न विचारणारे पुष्कळसे लोक तुरुंगात होते. वनसंवर्धन कायदा यायला अद्याप पाच वर्षे होती, पर्यावरण संरक्षण कायदा यायला अकरा. नदीच्या उगमाशी एवढा मोठा डोंगर कापल्यास खालच्या खोऱ्याचे काय होईल याची पाहणी करण्याचे बंधन कोणावरही नव्हते.

काम मात्र झाले, आणि ते ठरल्या वेळेत झाले. ही गोष्ट खाणीच्या टीकाकारांनीही मान्य करावी अशी आहे. वर्षातील चार-पाच महिने जेथे पावसाने समोरचा माणूस दिसत नाही अशा घाटमाथ्यावर रस्ते नव्हते, वीज नव्हती, वस्ती नव्हती. तांत्रिक सल्ला कॅनडाच्या मेट-केम या संस्थेचा होता. परंतु हात येथल्या मजुरांचे होते. घाट फोडून रस्ते काढले गेले. दळण्याचा कारखाना उभा राहिला. त्यात खडकावरच खडक घासून पीठ करणाऱ्या अजस्र चक्क्या बसल्या. पाणी आणि खनिजाचे पीठ यांचे पातळ मिश्रण, ज्याला सर्वत्र 'स्लरी' म्हणतात, ते मंगळूरजवळच्या पणंबूर बंदरापर्यंत नेण्यासाठी ६७ किलोमीटर लांबीची नळवाहिनी घाटातून खाली उतरवली गेली. बंदरावर पाणी गाळून भुकटी जहाजात चढवायची. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील उंचीचा असा उपयोग करून घेणे ही त्या काळच्या भारतीय अभियांत्रिकीची लहान कामगिरी नव्हती.

आणि तेवढ्यात गिऱ्हाईक नाहीसे झाले. जानेवारी १९७९ मध्ये शहा देश सोडून पळाला, फेब्रुवारीत त्याची राजवट कोसळली. तोपर्यंत कबूल केलेल्या ६३ कोटींपैकी साडेपंचवीस कोटी डॉलर भारताला मिळाले होते. पुढचा हप्ता थांबला. भारत सरकारने उरलेले काम स्वतःच्या पैशाने पूर्ण केले, आणि १९८० मध्ये खाण तयार झाली तेव्हा तिचा माल घेणारा कोणी नव्हता. नव्या इराणला शहाच्या पोलाद योजनांमध्ये रस नव्हता, आणि सप्टेंबर १९८० मध्ये इराकशी युद्ध सुरू झाल्यावर तर तो विषयच संपला. एका देशाच्या हुकूमशहाच्या हौसेवर दुसऱ्या देशाने आपला डोंगर गहाण टाकला, असे याचे वर्णन केले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही. तेलाचा पैसा, निर्यातीची निकड आणि कर्जाची अट या तिन्हींनी मिळून ठरवले की खनिज कोठून निघेल, किती निघेल आणि कोणाकडे जाईल. देशातील पोलाद कारखान्यांना त्याची गरज आहे की नाही, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हताच.

यानंतरची काही वर्षे गिऱ्हाइकांच्या शोधात गेली. रुमेनियासारख्या देशांशी सौदे झाले. भुकटी तशीच विकण्यापेक्षा तिच्या भाजलेल्या गोळ्या करून विकाव्यात, म्हणजे पैसाही अधिक येईल आणि रोजगारही वाढेल, या विचाराने १९८७ साली मंगळूर येथे वर्षाला ३० लाख टन क्षमतेचा गोळ्यांचा कारखाना सुरू झाला. पुढे जपान आणि चीनकडे माल जाऊ लागला. कंपनी सावरली, नफ्यात आली, तिने सरकारला लाभांश दिला. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे पांढरा हत्ती, असे उठता-बसता सांगणाऱ्या पंडितांनी कुद्रेमुखचे ताळेबंद सहसा उघडून पाहिले नाहीत.

डोंगरावर एक गाव वसले होते. 'गाव' हा शब्द अपुरा आहे. ती एक आखीव औद्योगिक वसाहत होती. कामगारांची घरे, शाळा, दवाखाना, बँक, टपाल कचेरी, बाजार, मैदान. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आली. बोली वेगवेगळ्या, सण वेगवेगळे. मुले मात्र एका शाळेत शिकली आणि एकाच पावसात भिजली. पावसाळ्यात कपडे वाळत नसत, भिंतींना बुरशी येई, पण पगार वेळेवर होई आणि आजारी पडल्यास दवाखाना होता. कंत्राटी बांधकाम मजुरास हे सर्व मिळत होते असे मात्र नाही. वसाहतीच्या कडेला राहणाऱ्यांचे, टपरीवाल्यांचे, हमालांचे जीवन पगाराच्या रजिस्टराबाहेरचे होते. तथापि कायम कामगारास येथे जे मिळाले ते देशातील बहुतेक खाण कामगारांच्या स्वप्नातही नसते. डोंगर सोडून गेल्यानंतर इतक्या वर्षांनीही तेथील जुने रहिवासी परस्परांना शोधून भेटतात, हे उगाच नव्हे.

आता दुसरी बाजू. वर सांगितल्याप्रमाणे खडकात लोखंड कमी, गारगोटी फार. पूर्ण क्षमतेने चालल्यास वर्षाला सव्वादोन कोटी टन खडक खणावा तेव्हा ७५ लाख टन समृद्ध खनिज हाती येई. म्हणजे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टनामागे सुमारे दोन टन चोथा. इंग्रजीत याला 'टेलिंग्ज' म्हणतात; शेपटासारखे मागे राहते ते. मराठीत 'चोथा' हा शब्द अधिक प्रामाणिक आहे, कारण रस कोणी प्यायला हा प्रश्न त्यात आपोआप येतो. हा चोथा अडवण्यासाठी भद्रेस मिळणाऱ्या लक्या नावाच्या ओढ्यावर मातीचे धरण बांधले गेले. त्याची उंची शंभर मीटरच्या घरात आहे. त्यामागे पाण्याऐवजी मुख्यतः दगडाचे पीठ साचले आहे. दहा कोटी टनांहून अधिक.

धरणात साठले ते एक. परंतु उघडलेल्या डोंगराच्या उतारावरून पावसाबरोबर जे वाहून गेले ते कोणत्याही धरणात थांबले नाही. सात हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात गवताचा आणि झाडांचा आच्छाद काढून टाकला तर काय होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. शास्त्रज्ञांनी मात्र ते मोजून दाखवले. भद्रेच्या पाणलोट क्षेत्राचा एक टक्कादेखील नसलेला हा खाणीचा प्रदेश नदीतील एकूण गाळापैकी निम्म्याहून अधिक गाळ निर्माण करतो, असा निष्कर्ष निघाला. हा गाळ कोठे जातो? खाली लक्कवळ्ळीला भद्रेचे धरण आहे. चिकमगळूर, शिमोगा, दावणगेरे या जिल्ह्यांतील शेतकरी त्या पाण्यावर भात आणि ऊस पिकवतात. म्हणजे प्रश्न फक्त सिंहपुच्छ माकडाचा नव्हता. कुद्रेमुखच्या वनात या दुर्मिळ माकडाची मोठी वस्ती आहे आणि १९८० नंतर लवकरच उल्हास कारंथ यांनी तिची पाहणी केली होती. पुढे संरक्षणाची मागणी उभी राहिली ती तेथून. पण शहरी निसर्गप्रेमी माकडासाठी कामगाराच्या पोटावर उठले, असे जे चित्र कंपनीच्या समर्थकांनी रंगवले ते अर्धसत्य होते. नदीकाठचा शेतकरीही या हिशेबातला एक पक्ष होता. तो संघटितपणे या वादात उतरला असता तर वादाचे स्वरूप कदाचित निराळे झाले असते.

१९८७ साली कर्नाटक सरकारने सुमारे ६०० चौरस किलोमीटर क्षेत्र कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केले. २००१ साली अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा खाणीचे क्षेत्र त्यातून वगळण्यात आले. एकाच सरकारचा एक हात डोंगर राखण्याची घोषणा करतो आणि दुसरा हात तोच डोंगर खणण्याच्या परवान्यावर सही करतो, ही आपल्या राज्यव्यवस्थेतील नित्याची बाब आहे. जुलै १९९९ मध्ये तीस वर्षांचा खाणपट्टा संपला. तात्पुरत्या परवानग्यांवर काम चालू राहिले. कंपनीला आणखी वीस वर्षे हवी होती. वनखात्यात आयुष्य घालवलेले के. एम. चिन्नप्पा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि ३० ऑक्टोबर २००२ रोजी निकाल लागला : आधीच फोडलेल्या क्षेत्रातील वरचे झिजलेले खनिज संपेपर्यंत किंवा २००५ सालाच्या अखेरपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच खाण चालेल. त्याखालचा कठीण, मूळ खडक तसाच राहील. ३१ डिसेंबर २००५ रोजी खाण थांबली.

खाण चालू राहावी म्हणून जी कारणे दिली गेली त्यांत कामगारांच्या रोजगाराचे कारण होतेच. ते खरेही होते. परंतु निकाल आणि बंदी यांच्यामध्ये तीन वर्षांचा अवधी होता. या तीन वर्षांत कामगारांसाठी पर्यायी उद्योगाची योजना आखणे हे केंद्र सरकारचे आणि व्यवस्थापनाचे काम होते. प्रत्यक्षात मुदतवाढ मिळेल या आशेवर दिवस काढले गेले. शेवटी काहींना मंगळुरास हलवले गेले, अनेकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' हा शब्द येथे किती सैल वापरला जातो हे कामगार कार्यकर्त्यांना सांगायला नको. कंत्राटी मजुरांना आणि वसाहतीच्या आधाराने जगणाऱ्या लहान दुकानदारांना निवृत्ती घेण्याचीही सोय नव्हती. त्यांनी गाठोडी बांधली.

याच वर्षांमध्ये त्याच राज्यात, दोन-तीनशे किलोमीटरवर, काय चालले होते? चीनमधून खनिजाला अफाट मागणी आली होती आणि बळ्ळारी जिल्ह्यात खासगी खाणमालक डोंगरामागून डोंगर उकरत होते. सीमेचे दगड हलत होते, मंदिरे पाडली जात होती, परवान्याविना खनिजाचे ट्रक रात्रंदिवस बंदरांकडे धावत होते. लोकायुक्तांचा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाची बंदी यायला २०११ साल उजाडले. म्हणजे नियमाने चालणारी, पगार देणारी, लाभांश भरणारी सरकारी खाण २००५ मध्ये बंद झाली, आणि उघड लूट करणाऱ्या खासगी खाणी त्यानंतर आणखी पाच-सहा वर्षे तेजीत राहिल्या. यावरून कुद्रेमुखची खाण चालू ठेवायला हवी होती असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. नदीच्या उगमावर ती खाण मुळात नको होती. परंतु कायद्याची कुऱ्हाड प्रथम कोणाच्या मानेवर पडते याची नोंद घेतलीच पाहिजे. गोव्यात २०१२ आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या तेव्हा ट्रकमालकांची आणि कामगारांची जी परवड झाली ती मराठी वाचकांना जवळून ठाऊक आहे. तेथे खाणी खासगी होत्या. कोट्यवधींचा नफा वाटून झाला होता, आणि पाण्याने भरलेले खड्डे गावांना मिळाले.

या कथेत आणखी एक समूह आहे, आणि दोन्ही बाजूंनी त्याचा वापर झाला, विचार फारसा झाला नाही. डोंगरातील मलेकुडिया आदिवासी. मध, शिकेकाई, रानातील इतर उपज गोळा करणे, थोडी शेती, आणि आसपासच्या कॉफी व चहाच्या मळ्यांत मजुरी, हे त्यांचे जीवन. खाणीसाठी जंगल गेले तेव्हा त्यांना विचारले नव्हते. राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा त्यांनाच जंगलाबाहेर काढण्याची भाषा सुरू झाली. ज्या वनात पंचवीस वर्षे सुरुंग उडाले तेथे मधाचे पोळे काढणारा माणूस एकाएकी अतिक्रमक ठरला. हुसकावणीच्या या भीतीच्या जमिनीवर सशस्त्र नक्षलवाद्यांनी पाय रोवण्याचा प्रयत्न केला. नोव्हेंबर २००३ मध्ये कारकळ तालुक्यातील ईदू येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुणी ठार झाल्या. पुढील दोन दशके या डोंगरात गोळीबार, संशय आणि पोलीस चौक्या यांचा ससेमिरा चालू राहिला. जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्यांपैकी सहा जणांनी बंगळुरात शरणागती पत्करली. या सर्व काळात आदिवासींचे मूळ प्रश्न, म्हणजे जमिनीचा पट्टा, रस्ता, वीज, शाळा, जेथल्या तेथे राहिले. वनाधिकार कायदा २००६ साली झाला, पण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तो अमलात आणून घेणे म्हणजे दर पावलाला वनखात्याशी झगडा.

एंगेल्सने 'निसर्गाचे द्वंद्ववाद' या अपुऱ्या ग्रंथात आल्प्स पर्वतातील लोकांचा दाखला दिला आहे. त्यांनी दक्षिण उतारावरील जंगल तोडले आणि वर्षातील बराच काळ आपल्याच झऱ्यांचे पाणी आटवून घेतले. त्यांना ते कळत नव्हते. कुद्रेमुखच्या बाबतीत मात्र 'कळत नव्हते' ही सबब अपुरी पडते. १९७५ साली कदाचित खरोखर कळत नसेल; १९९० नंतर कळत होते. तरीही वीस वर्षांची मुदतवाढ मागितली गेली. कारण कंपनीच्या ताळेबंदात गाळाला रकाना नव्हता. सार्वजनिक क्षेत्राचे समर्थन करताना हे विसरून चालणार नाही. मालकी सरकारची झाली म्हणजे उत्पादनाचा हेतू आपोआप समाजाचा होत नाही. परकीय चलन मिळवणे हाच हेतू राहिला तर सरकारी खाणही नदीशी खासगी खाणीसारखीच वागते. फरक कामगाराच्या पगारात आणि दवाखान्यात दिसतो. तो फरक मोलाचा आहे, पण तेवढाच आहे.

आज तेथे काय उरले आहे? कापलेल्या डोंगराच्या पायऱ्या दुरून अजून दिसतात. काही उतारांवर गवत चढले आहे, काही अजून तांबडे आहेत. वसाहतीतील पुष्कळशी घरे रिकामी पडली. छपरे कोसळली, खिडक्यांमधून झाडे आत शिरली, भिंतींवर शेवाळ दाटले. त्या पावसात पाच वर्षे बंद राहिलेले घर पन्नास वर्षे जुने दिसू लागते. थोडे कर्मचारी, देखरेखीची मोजकी व्यवस्था आणि डोंगर चढायला येणारे हौशी तरुण एवढीच वर्दळ. या जागेचे पर्यटन केंद्र करावे असे कंपनीने सुचवले. वनरक्षकांनी त्यास विरोध केला. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला त्यात कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानाचाही समावेश आहे.

कंपनी मात्र जिवंत आहे. २००९ मध्ये तिने नाव बदलून 'केआयओसीएल' एवढीच अक्षरे ठेवली. डोंगर सुटला, नावातून त्याचा उच्चारही गेला. सुमारे ९९ टक्के भाग अजून केंद्र सरकारकडे आहेत. मंगळूरचा गोळ्यांचा कारखाना स्वतःच्या खाणीअभावी बाहेरून खनिज आणून चालतो. छत्तीसगडमधील बैलाडिलाचे खनिज विशाखापट्टणम बंदरातून समुद्रमार्गे द्वीपकल्पाला वळसा घालून मंगळुरास येते. ते महाग पडते, कारखाना वेळोवेळी थांबतो, लोखंडाची भट्टी तर २००९ पासूनच थंड आहे. म्हणून कंपनीला नवी खाण हवी आहे : बळ्ळारी भागात, संडूरच्या देवदारी डोंगरावर. त्यासाठी सुमारे ४०० हेक्टर वनजमीन आणि ९९ हजारांच्या आसपास झाडे जायची आहेत. जून २०२४ मध्ये केंद्रीय पोलाद मंत्रालयाने त्या दिशेने पाऊल टाकताच कर्नाटक सरकारने हात आखडता घेतला. कुद्रेमुखच्या जंगलाच्या नुकसानीपोटी १,३०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम कंपनीकडून येणे आहे, ती भरल्याशिवाय नवी वनजमीन हस्तांतरित करू नये, असा पवित्रा राज्याच्या वनमंत्र्यांनी घेतला.

मंगळूरच्या कारखान्यातील कामगाराला देवदारीची खाण हवी आहे. त्याचा रोजगार तिच्यावर टांगलेला आहे. संडूरच्या शेतकऱ्याला आणि गुराख्याला ती नको आहे. त्याने वीस वर्षे खासगी खाणींची तांबडी धूळ गिळली आहे. तीस वर्षांपूर्वी कुद्रेमुखवर जो तिढा बांधला गेला तोच येथे पुन्हा बांधला जात आहे, आणि पुन्हा एकदा दोघांमध्ये बोलणे होण्याऐवजी दोघेही निरनिराळ्या सरकारांच्या तोंडाकडे पाहत आहेत. बैलाडिला ही सरकारी खाण, मंगळूर हा सरकारी कारखाना. एका सरकारी खाणीने दुसऱ्या सरकारी कारखान्याला परवडेल अशा दरात खनिज द्यावे, ही मागणी डोंगर न कापता पुढे नेता येण्याजोगी आहे. बाजारभावाचे सोवळे आड येते तेवढेच. या मागणीसाठी मंगळूरचा कामगार आणि संडूरचा शेतकरी एका मांडवात बसू शकतात काय, हे त्या भागातील कार्यकर्त्यांनी आजमावून पाहावयाचे आहे.

आणि लक्याचे धरण तसेच उभे आहे. दर जूनला पाऊस येतो, सांडव्यावरून पाणी भद्रेकडे जाते. मागे साचलेले दगडाचे पीठ तेथून कोठे हलवता येत नाही. खाण पंचवीस वर्षे चालली. हे धरण किती पिढ्यांनी राखायचे, त्याच्या देखभालीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडायचा आणि कंपनी उद्या विकली गेली तर त्या भिंतीवर रात्रपाळीला कोण उभे राहायचे, यांची उत्तरे १९७५ सालच्या करारात नव्हती आणि २००२ सालच्या निकालानंतर इतक्या वर्षांनीही ठरलेली नाहीत.